पुढच्या दाराची बेल

आमच्या सेंटरमध्ये बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. मिक्सर उघडताना स्क्रू निघतात आठ आणि बंद करताना लागतात सात! मिक्सर तर झकास चालतो, मग उरलेल्या स्क्रूचं करायचं काय? टाका डब्यात. किश्श्यांचंही तसंच होतं. दुरुस्त झालेली वस्तू आपल्या घरी जाते आणि मागे एखादा किस्सा आमच्याकडे उरतो. डब्याचं झाकण आता लागत नाही, म्हणून थोडे तुमच्यापुढे ओतते.

आधी सेंटर म्हणजे काय, ते सांगायला हवं. ह्यांची बँकेची नोकरी, बदली झाली चंदीगडला. मी सांगलीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिकल शिकवायची. ती नोकरी सोडून इथे आले आणि सहा महिने पार्कात नुसत्या फेऱ्या मारल्या. तिथेच हरप्रीत दीदी भेटल्या. सरकारी हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या मेट्रन. आवाज असा की पार्कातले आजोबाही सरळ चालायला लागत. माझी सगळी हकिगत ऐकून म्हणाल्या, "हाथ में हुनर है और तुम यहाँ चक्कर काट रही हो?"

त्यातून सेंटर निघालं. घरकाम करणाऱ्या, काम सुटलेल्या बायकांना मिक्सर, इस्त्री, कुकर, गिझर दुरुस्त करायला शिकवायचं आणि पगारावर घरोघरी पाठवायचं. पाटीवर संस्थेचं लांबलचक नाव आहे. ते कुणी घेत नाही. सगळ्या सेक्टरांत आम्ही "मिक्सरवाल्या"!

* * *

पहिल्या बॅचची गंमत. शहराच्या कडेच्या मलोया वस्तीतल्या एका अंगणवाडीताईंना मी सांगितलं होतं, फक्त बायकांची नावं पाठवा. त्यांची यादी आली : संतोष, कमलेश, कुलदीप, राजिंदर, सुदेश.

माझं डोकंच फिरलं. मी फोन केला. "दीदी, मैंने साफ कहा था, सिर्फ औरतें! आपने पाँचों मर्द भेज दिए?"

त्या म्हणाल्या, "मॅडम जी, आप सोमवार को आओ तो सही."

सोमवारी गेले तर बाकावर पाच जणी ओढण्या सावरत बसलेल्या! माझ्या माहेरच्या गल्लीतला संतोष म्हणजे भरघोस मिशांचा, तालमीत जाणारा गडी. आणि इथली संतोष चाळिशीची, बारीक अंगाची, बाकाच्या अगदी कडेला टेकलेली. कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं, अशी.

ही संतोष लक्षात ठेवा.

* * *

संतोषनं एका कोठीत अठरा वर्षं काम केलेलं. इथे बंगल्याला कोठी म्हणतात. एक दिवस हळद दळताना तिच्या हातात मिक्सर बंद पडला. मॅडम म्हणाल्या, तूच जाळलास. बोलाचाली झाली आणि संतोषचं काम गेलं. त्यानंतर त्या सेक्टरात तिला कुणी उभं केलं नाही, कारण "ती सामान बिघडवते" ही ख्याती तिच्याआधी पोचायची.

हे सगळं मला माहीत नव्हतं. मी आपली नेहमीच्या उत्साहात शिकवत होते. "नियम पहिला : आधी मेन बंद! हात नंतर. नियम दुसरा : मिक्सर चालता चालता गप्प झाला, तर लगेच उघडायचा नाही. उलटा करायचा. खाली लाल बटण असतं. मिक्सरवर जास्त ताण आला की ते स्वतःच बाहेर येतं आणि मिक्सर बंद होतो. ते दाबायचं. झालं!"

मी बटण दाबून दाखवलं. मिक्सर सुरू झाला. चौघींनी टाळ्या वाजवल्या.

संतोषनं विचारलं, "बस? इतना ही?"

"इतना ही."

तिनं मिक्सर जवळ ओढला, उलटा केला आणि त्या बटणावर बोट ठेवून बसली. दाबलं नाही काही. नुसतं बोट ठेवलं. जेवणाची सुट्टी झाली, बाकीच्या डबे उघडून बसल्या, तरी ही तिथेच. मग कमलेशनं मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. अठरा वर्षांची नोकरी एका बोटाच्या कामावर गेली होती! मला त्या दिवशी पुढचं काही शिकवता आलं नाही. मी त्यांना लवकर घरी सोडलं आणि स्वतः रिकाम्या सेंटरात रडत बसले.

तेव्हापासून आमच्याकडे एक नियम आहे. मिक्सर चालता चालता बंद पडल्याचा फोन आला, की कुणाला पाठवायचं नाही. फोनवरच सांगायचं : उलटा करा, लाल बटण दाबा. फुकट.

हरप्रीत दीदी सुरुवातीला चिडल्या होत्या. "ऐसे तो हमारी आधी विज़िट्स चली जाएँगी!" पण संतोषची गोष्ट ऐकल्यावर त्यांनीच तो नियम मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर चिकटवला.

* * *

पहिली घरभेट. कमलेश आणि संतोष दोघींना एका कोठीवर इस्त्री दुरुस्त करायला पाठवलं. अर्ध्या तासानं गिऱ्हाइकाचा फोन. "आपकी लड़कियाँ आई ही नहीं!"

मी कमलेशला फोन लावला. ती म्हणाली, "दीदी, हम तो कब से खड़े हैं. कोई खोल ही नहीं रहा."

"कुठे उभ्या आहात?"

"दरवाज़े पर!"

कुठल्या, ते माझ्या लक्षात यायला वेळ लागला. इथल्या कोठ्यांना पुढे फाटक, पोर्च, नावाची पाटी असते आणि मागच्या गल्लीत स्वयंपाकघराचं एक दार असतं. दोघी मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्याशेजारी, टूलबॉक्स घेऊन अर्धा तास उभ्या होत्या. पुढच्या दाराला जायचं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्यांना तसं सांगायचं असतं, हे माझ्या.

मी तणतणत घरी आले. ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "सांगलीला आपल्या चंद्राबाई कुठून यायच्या?"

चंद्राबाई परसदारातून यायच्या. अकरा वर्षं! मला एकदाही प्रश्न पडला नव्हता. त्या रात्री जेवण काही गोड लागलं नाही.

* * *

मग नियम तिसरा निघाला : पुढच्या दारानं जायचं, बेल वाजवायची. आणि मी शिक्षिका पडले, तेव्हा प्रॅक्टिकल आलंच!

प्रॅक्टिकल माझ्या फ्लॅटच्या दारावर. एकेकीनं जिना चढून यायचं, बेल वाजवायची, नाव सांगायचं. आत दार उघडायला माझी लेक इरा. ती सातवीत आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतून. कुलदीपनं अशी बेल वाजवली की समोरचे खन्नाजी बाहेर आले. "भाभी जी, सब ठीक है?" सुदेशनं बेल वाजवली आणि घाबरून जिन्यावर पळाली. राजिंदर दार उघडताच हात जोडून म्हणाली, "सॉरी जी!"

"किस बात का सॉरी?" इरा म्हणाली. "आंटी, आप तो ठीक करने आए हो!"

संतोषची पाळी आली. ती दारासमोर उभी राहिली. हात खांद्यापर्यंत उचलला आणि तसाच खाली घेतला. परत उचलला. परत खाली. आम्ही सगळ्या जिन्यात श्वास धरून!

शेवटी म्हणाली, "दीदी, सामने से तो मेहमान आते हैं."

मी अर्धा तास समजावलं. आपण कारागीर आहोत, आपल्याला बोलावलंय, वगैरे वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांचा चहा टाकला.

* * *

कुलदीपचं अगदी उलट. चंडीमंदिरच्या छावणीत एका अधिकाऱ्यांच्या क्वार्टरमध्ये गिझरचं काम निघालं. फाटकावरच्या जवानानं टूलबॉक्स उघडायला लावला आणि एकेक हत्यार उचलून "ये क्या है?" विचारायला लागला. कुलदीपनं टेस्टरपासून पक्कडीपर्यंत प्रत्येकाची माहिती दिली. दहाव्या हत्याराला जवानानं आवाज खाली केला. "बहन जी, हमारी इस्त्री करंट मारती है. क्या करें?"

पुढे साहेबांनी स्वतः दार उघडलं. कुलदीपकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "मैकेनिक कहाँ है?"

कुलदीपनंही मागे वळून पाहिलं. "कोई और भी आ रहा है, सर?"

साहेब मोकळ्या मनाचे. ते इतके हसले, की बाईसाहेब बाहेर आल्या. तेव्हापासून छावणीतली बरीच कामं कुलदीपच्या नावानं येतात.

* * *

मध्ये काही दिवस मला वाटलं, संतोषची बेलची भीती गेली. ती आपणहून म्हणायला लागली, "दीदी, एयरोसिटी का काम मुझे दे दो." एअरपोर्टजवळची ही वस्ती, तिथे आयटीतली तरुण मंडळी. लांबचं काम, कुणी पटकन घेत नाही आणि ही रोज तयार! मी हरप्रीत दीदींना म्हटलं, बघा, आपोआप झालं ना सगळं?

मग तिथून एका जळगावच्या बाईंचा फोन आला. मुलगा-सून आयटीत, ह्या महिनाभरासाठी आलेल्या, हिंदीशी उभा दावा. नंबर मराठी बाईचा आहे कळल्यावर त्यांना कोण आनंद!

"तुमची ती बारीकशी बाई फार गुणी हो! मिक्सर असा केला, की नव्यासारखा. पण एक सांगा, तिला बेल वाजवायला कुणी मनाई केली आहे का?"

"का हो?"

"अहो, ती दाराबाहेर नुसती उभी! मी दूध घ्यायला दार उघडलं तर ही समोर. सून म्हणते, मागच्या खेपेलाही तसंच. खाली जाऊन फोन करते, दार उघडा म्हणून."

मी संतोषला विचारलं, एवढं लांब एयरोसिटीच का मागतेस? तिनं खरं ते सांगितलं. फ्लॅटला मागचं दारच नसतं! एकच दार, तेव्हा चुकीच्या दाराला उभं राहायचा प्रश्न नाही. राहिली बेल, तर तिला फोन आहेच.

तिच्या हुशारीला हसावं की रडावं, मला कळेना. जळगावच्या बाईंनी मात्र जाता जाता तिला मराठीतून झापलं होतं म्हणे. "देवळातली घंटा वाजवतेस ना गं? ती चालते, आणि माझ्या घरची चालत नाही?" संतोषला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण त्यांनी तिला सोफ्यावर बसवून शेवेची भाजी खाऊ घातली, हे मात्र ती सगळ्यांना सांगत होती.

* * *

एकदा एका कंपनीचे लोक सेंटर बघायला आले. मदत करणार होते, म्हणजे मोहालीत दुसरं सेंटर काढता आलं असतं. त्यांच्याबरोबर कॅमेरा. "मॅडम, जरा स्क्रूड्रायव्हर पकड़ के स्माइल कीजिए!"

राजिंदर म्हणाली, "सर, पहले इसका प्लग निकाल लूँ? चालू इस्त्री पर स्माइल नहीं होती."

मग त्यातल्या एकानं संतोषला विचारलं, "आपकी ज़िंदगी में क्या बदला?"

संतोषनं हातातला कुकर खाली ठेवला. "पहले मैं पूछती थी, मैं जाऊँ जी? अब लोग मुझसे पूछते हैं, कितनी देर लगेगी जी?"

कॅमेरावाल्यानं ते टिपलंच नाही. त्याचं तोंड अजून इस्त्रीकडे होतं!

* * *

मदत मिळाली. मोहालीचं सेंटर बैसाखीला उघडायचं ठरलं. तिथे प्रमुख कोण, ह्यावर माझं आणि हरप्रीत दीदींचं पहिलं खरं भांडण झालं.

संतोषइतका हात आमच्यात कुणाचा नाही. आवाज ऐकून सांगते, मोटरचं बेअरिंग गेलंय की ब्रश. नव्या मुली तिच्याकडे शिकतात आणि कुणी मेन बंद न करता हात घातला, की ही बारीकशी बाई "मेन!" म्हणून असं ओरडते, की रस्त्यावरचा रिक्षावाला ब्रेक मारतो. माझं म्हणणं, संतोषच.

"और नई लड़कियों को वो क्या सिखाएगी?" हरप्रीत दीदींनी विचारलं. "बेल मत बजाना, नीचे जाके फोन करना? जो खुद सामने के दरवाज़े नहीं जाती, वो दस लड़कियों को कैसे भेजेगी?"

त्या बरोबर बोलत होत्या, म्हणून तर जास्त राग आला.

संतोष बाहेरच्या बाकावर सगळं ऐकत होती. आत येऊन म्हणाली, "दीदी, कुलदीप को बना दो. मैं यहीं ठीक हूँ." आणि आपल्या टेबलावर जाऊन बसली. तिला ते सेंटर हवं होतं. इतकं हवं होतं की तिनं परत मान वर केली नाही. पुढच्या दाराची बेल वाजवून दाखवायला हरप्रीत दीदींनी तिला दोन महिने दिले.

* * *

दोन महिने संपायला चार दिवस उरले होते. सकाळी दहाची वेळ. फोन वाजला, तो संतोषनं घेतला. मी समोरच बसले होते. पलीकडचा आवाज वयस्कर बाईचा, मलाही ऐकू येत होता. मिक्सर चालता चालता बंद पडला म्हणत होत्या.

मी वाट बघत होते, ही आता सांगेल : उलटा करा, लाल बटण दाबा. फोनच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंच आहे.

संतोषनं पत्ता विचारला. पत्ता ऐकला आणि लिहून घेतला नाही. "जी. मैकेनिक भेजते हैं," म्हणाली आणि फोन ठेवला.

"अगं, बटण का नाही सांगितलंस?"

"वही कोठी है, दीदी," संतोष म्हणाली. "वो बटन मैं दबाऊँगी."

तिनं टूलबॉक्स उचलला.

"बटणाला पेटी कशाला?"

"मैकेनिक बिना पेटी के जाता है?"

मी स्कूटर काढली. कोठीसमोर तिला उतरवलं. ती म्हणाली, "आप यहीं रुको." मी रस्त्यापलीकडे झाडाखाली थांबले. पोर्च तिथून स्वच्छ दिसत होता.

संतोषनं फाटक उघडलं. पुढच्या दारासमोर उभी राहिली. पेटी खाली ठेवली. ओढणी सारखी केली. हात उचलला. खाली घेतला. परत उचलला आणि ह्या खेपेला बोट बटणावर टेकलं! मी रस्त्यापलीकडे एकटीच टाळी वाजवणार होते.

काहीच झालं नाही. तिनं परत दाबलं. बेल मुकी!

इतक्या महिन्यांनी बोट पोचलं आणि नेमकी ह्याच घरची बेल बिघडलेली! संतोष क्षणभर तशीच उभी राहिली. मग पेटी उचलून वळली आणि कोठीच्या कडेनं निघाली. तिथून एक बोळ थेट मागच्या दाराला जातो. अठरा वर्षांची वाट ती, पायांना पाठ. तिला हाक मारावीशी वाटली. पण तिनं थांब म्हटलं होतं.

बोळाच्या तोंडाशी, भिंतीवर मीटरची पेटी होती. संतोष तिथे थांबली. झाकण उघडलं आणि मेन बंद केला. मग परत पुढच्या दाराशी आली, पायरीवर बसली आणि स्क्रूड्रायव्हर काढून बेलचं बटण उघडायला लागली.

घरातले पंखे थांबले असणार. जरा वेळानं दार उघडलं आणि मॅडम बाहेर आल्या. केस पिकलेले, हातात काठी. पायरीवर बेलच्या वायरी मोकळ्या करून बसलेल्या बाईकडे बघत राहिल्या.

"संतोष? तू? अरे, पीछे से क्यों नहीं आई?"

"बेल खराब है, मैडम जी. तार निकली हुई है."

"छोड़ उसे. दरवाज़ा तो मैंने खोल दिया. अंदर आ."

"दो मिनट, जी," संतोष म्हणाली. मान वर न करता तिनं वायर आवळली, बटण बसवलं, दोन्ही स्क्रू घट्ट केले. एकही उरला नाही. मग उठून उभी राहिली. "आप अंदर जाइए. दरवाज़ा बंद कर लीजिए."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

संतोषनं जाऊन मेन चालू केला. परत आली. हात ओढणीला पुसले, पेटी उचलली आणि बेल वाजवली. रस्त्यापलीकडे मला ऐकू आली.

आतून आवाज आला, "कौन?"

"मैकेनिक," संतोष म्हणाली.